विद्यार्थी, अर्ज आणि शिष्यवृत्ती : एक मागोवा

भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव १९७४ साली देशभर साजरा झाला. त्या निमित्ताने ठिकठिकाणी कीर्तिस्तंभ उभे राहिले, सभागृहे बांधली गेली, ग्रंथ प्रकाशित झाले. आपल्या गावातील ज्येष्ठांनी मात्र जमलेला निधी दगडात न घालता मुलांच्या शिक्षणात घालावा असे ठरविले आणि आपल्या न्यासाचा जन्म झाला. त्या पहिल्या बैठकीत सतरंजीच्या कडेला बसून वृत्तांत लिहून घेणाऱ्या दोघा तरुण शिक्षकांपैकी मी एक होतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणसाहाय्याच्या इतिहासावर लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, ती बहुधा त्या जुन्या नात्यामुळेच असावी.

लेखाच्या तयारीसाठी कार्यालयातील लाकडी कपाट उघडले. खालच्या दोन खणांत पन्नास वर्षांचे अर्ज सुतळीने बांधून ठेवले आहेत. ते चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. दात्यांचा इतिहास आपण आवडीने लिहितो. त्यांची तैलचित्रे लावतो, नावे संगमरवरावर कोरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने हात पुढे केला, त्याच्याकडून त्या बदल्यात काय मागितले गेले, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो अर्जात असतो. अर्जातील रकाने पाहिले की देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याविषयी काय आहे ते कळते. म्हणून सुज्ञ वाचकांची क्षमा मागून हा मागोवा मी अर्जदाराच्या बाजूने घेणार आहे.

अर्ज नव्हता तेव्हाही गरीब विद्यार्थी होताच. जुन्या महाराष्ट्रात त्याच्यासाठी दोन वाटा होत्या, मधुकरी आणि वार. मधुकरीत झोळी घेऊन पाच घरे फिरायचे. वार लावून जेवणाऱ्याने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पाटावर बसायचे. या प्रथेने पुण्यासारख्या शहरात कित्येक पिढ्यांना शिकविले. तिच्यात माया होती. पण पानात काय पडेल, कुणाच्या नजरेने पडेल, आणि मुळात कोणत्या जातीच्या मुलाला पान मांडले जाईल, हे सारे यजमानावर होते. बहुजन समाजातील मुलाला ही वाट जवळजवळ बंदच होती.

राज्याकडून विद्येला मिळणाऱ्या साहाय्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे पेशव्यांची दक्षिणा. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी ही रक्कम पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने कमी करून, पण चालू ठेवली. पुढे पुण्यातील काही नवशिक्षित तरुणांनी हा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीसाठी वापरावा असा अर्ज सरकारकडे केला. लोकहितवादी त्या खटपटीत होते. सनातनी मंडळींनी त्यावर मोठा गदारोळ केला. त्याच निधीतून पुढे ‘दक्षिणा फेलो’ निर्माण झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही त्या मालिकेतले. श्रावणात वाटल्या जाणाऱ्या पैशाचे विद्यावेतन झाले, हा बदल लहान नव्हता.

रानड्यांच्याच विद्यार्थिदशेतील एक हकीकत चरित्रांतून सांगितली जाते. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि पारडे मराठ्यांकडे झुकविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही आणि त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविली. अर्जातील कोणत्याही रकान्यात न लिहिलेली ही अट होती. देणाऱ्याच्या हाती दोरी असते, याची जाणीव महाराष्ट्रातील सुशिक्षित पिढीला फार लवकर झाली, ती अशी.

आता आपल्या समाजाकडे येऊ. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील आपला बहुसंख्य समाज शेतकरी होता. मुलाला प्राथमिक शाळेच्या पुढे पाठवायचे तर कोल्हापूर, सांगली, बेळगाव गाठावे लागे, आणि तेथे फीपेक्षाही मोठा प्रश्न असे तो राहण्याचा व जेवणाचा. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी हे नियम पाळणाऱ्या घरातील मुलगा परक्या खानावळीत जेवणार कसा? म्हणूनच आपल्या समाजात शिक्षणसाहाय्य रोख रकमेच्या रूपाने न येता प्रथम बोर्डिंगच्या रूपाने आले. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावे मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभे केले आणि ठिकठिकाणच्या बोर्डिंगांना हात दिला. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे विधवा व निराधार भगिनींच्या शिक्षणाची वाट खुली केली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना जागा आणि साहाय्य देण्याचा जो उपक्रम केला, त्यात दिगंबर जैन बोर्डिंगही होते. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा उच्चविद्याविभूषित कार्यकर्ता सभेला लाभला. प्राध्यापक, कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री अशी त्यांची वाटचाल सर्वज्ञात आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. बोर्डिंगमध्ये आहारदान आणि शास्त्रदान एकाच छपराखाली आले. पण चौथे, अभयदान, तेथे नेहमीच होते असे म्हणता येणार नाही. समाजाच्याच स्मरणिकेत हे लिहिताना संकोच वाटतो, तरी ते वगळणे उचित होणार नाही. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर ‘स्नान करून शुद्ध हो, मगच आत ये’ असा आग्रह झाला. त्याने तो मानला नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे कर्मवीरांचे चरित्रकार सांगतात. पुढे त्याला आश्रय मिळाला तो शाहू महाराजांच्या छायेत. शिष्यवृत्ती थांबलेले रानडे आणि बोर्डिंगबाहेर पडलेले भाऊराव यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर असेल. प्रकार मात्र एकच होता.

साहाय्य घेणाऱ्याचे मन मोकळे राहावे, त्याला उपकाराचे ओझे वाटू नये, यासाठी दुसरा एक मार्ग याच काळात पुढे आला होता. तो म्हणजे परतफेडीची शिष्यवृत्ती. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तेव्हा त्यांनी दान न देता कर्ज देण्याचे ठरविले. विद्यार्थ्याने शिकून यावे, कमवावे, आणि घेतलेली रक्कम परत करून पुढच्याची सोय करावी, ही त्यामागील दृष्टी. त्या निधीच्या आरंभीच्या लाभार्थी दोन स्त्री-डॉक्टर होत्या. एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाई आपल्या कोल्हापूरच्या. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणे ही बातमी होती, त्या काळात एक मराठी मुलगी कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन सातासमुद्रापार जाते आणि परत येऊन कोल्हापुरात रुग्णांची सेवा करते, याचे स्मरण आपल्या भागात पुरेसे राहिलेले नाही.

परतफेड पैशातच व्हावी असेही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची पद्धत निराळी होती. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, पण पुढच्या शिक्षणास घरी पैसा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पदवीनंतर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही झाली. नेमलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार. कागद चोख होता, देणारा उदार होता, घेणारा तर अद्वितीय होता. तरीही १९१७ साली बाबासाहेब करार पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी पथिकाश्रमात उतरावे लागले आणि तेथूनही अपमान सोसून बाहेर पडावे लागले. करारनाम्यात दहा वर्षांच्या सेवेचे कलम होते. त्या दहा वर्षांत राहायचे कोठे, याचे कलम नव्हते. अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण १९२० मध्ये पुन्हा सुरू झाले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचा हात आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांवर.

मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले आणि १९१५ पासून तेथे विद्यार्थी राहू लागले. महाविद्यालयीन शिक्षण हेच त्याचे लक्ष्य होते. गरजू विद्यार्थ्याचा खर्च संस्थेने करावा आणि त्याने कमवू लागल्यावर तो परत करावा, ही लोन-विद्यार्थ्याची पद्धत तेथे रुजली. व्यापारी समाजाला ही पद्धत पटली यात नवल नाही. खातेवहीत नाव असलेला माणूस याचक नसतो, तो देणेकरी असतो. आणि देणेकऱ्याला आपल्या पेढीवर बसायला गादी मिळते, हे आपण जाणतोच.

कर्मवीरांनी तिसरी वाट काढली. त्यांना दानही नको होते आणि कर्जही नको होते, त्यांनी विद्यार्थ्याचे श्रमच भांडवल मानले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह निघाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत, एका शेतात राबत. ज्या मुलाला एके काळी दाराशी थांबवून स्नान करायला सांगितले गेले, त्याने उभ्या केलेल्या वसतिगृहात ही पंगत बसावी, यात काव्य आहे. पण त्यामागे कठोर कष्ट होते. दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे असा मुष्टिफंड गावोगाव फिरला. कोठीत दाणा नाही अशा वेळी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा व शिका’ ही योजना महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचली. त्या अर्जात वडिलांचे उत्पन्न विचारण्यापेक्षा मुलाची कष्टाची तयारी विचारली जाई. पुढे सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले, तेव्हा ती तगली ती याच बळावर.

स्वातंत्र्याच्या आसपास सरकार या क्षेत्रात उतरले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब होते, त्यांचा तो आग्रह होता. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या सर्वांच्या मुलांना फी माफ केली. हीच ती ‘ई.बी.सी.’. तीन अक्षरांच्या या सवलतीने ग्रामीण महाराष्ट्राचे रूप पालटले, असे मी नि:संकोचपणे म्हणेन. जात न विचारता, गुणांचा डोंगर न मागता, केवळ परिस्थितीवर दिलेले ते साहाय्य होते. मात्र परिस्थिती सिद्ध करायची म्हणजे दाखला आला. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक १,२०० रुपये होती. तलाठ्याचा पंचनामा, मामलेदार कचेरीचा शिक्का, आणि मग कॉलेजच्या खिडकीशी रांग.

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो. १९६४ साली मी कोल्हापुरात कॉलेजला प्रवेश घेतला. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साडेतीन एकर जिरायत आणि गावात किराणा मालाचे छोटे दुकान होते. तलाठ्यांनी आमच्या ओट्यावर बसूनच अर्ज भरायला घेतला. “आप्पा, उत्पन्न किती लिवू?” आप्पांनी आत जाऊन दुकानाची वही आणली, भुईमूग आणि मिरचीची पट्टी आणली, आणि बेरीज करून सांगितले, “बाराशे साठ.” तलाठी हसले. “साठ रुपयांसाठी पोराची फी घालवता? अकराशे लिवतो. कोण बगतंय?” आई दाराआड उभी होती. मी ओट्याच्या खांबाला टेकून होतो. आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वहीत हाय तेवढंच लिवा.”

फी माफ झाली नाही. त्या रात्री आई जेवली नाही, एवढे आठवते. आप्पांनी सत्याणुव्रत घेतलेले होते, आणि त्या वयात मला त्या व्रताचा रागच आला. आजही ते बरोबर होते की हट्टी होते, हे मी निश्चयाने सांगू शकत नाही. गावातल्या ज्यांनी अकराशे लिहिले, त्यांची मुलेही गरीबच होती, त्यांना मी खोटे कसे म्हणू? रेषेच्या अलीकडे बसायला साठ रुपयांचे असत्य पुरे होते, आणि पलीकडे पडायला साठ रुपयांचे सत्य. दोष रेषेचा होता. आखणाऱ्याला ती कोठेतरी आखावीच लागते हेही खरे. परंतु दाखल्याच्या त्या कागदाने दरवर्षी हजारो बापांना आपल्याच मुलासमोर अशा परीक्षेला बसविले, याची नोंद कोणत्या अहवालात नाही.

पुढे एका बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटनी मला बोलावून घेतले. त्यांनी दाखला मागितला नाही. “जेवणाचे महिना किती देऊ शकाल?” एवढेच विचारले. मी म्हणालो, दहा. “बाकीचे नोकरी लागल्यावर द्या,” म्हणाले आणि एका वहीत नाव लिहिले. जामीन नाही, स्टॅम्पपेपर नाही. चार वर्षांचे मिळून ९६० रुपये झाले. शिक्षक झाल्यावर दरमहा पंधरा रुपयांप्रमाणे मी ते फेडले. शेवटचा हप्ता देण्यास गेलो तेव्हा सुपरिंटेंडेंट बदलले होते. नव्या गृहस्थांनी वही शोधली, माझ्या नावावर तांबडी रेघ ओढली आणि पावती दिली. ती माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवलेली आहे.

१९७४ च्या बैठकीत न्यासाने साहाय्य द्यावे कसे, यावर चर्चा झाली, तेव्हा माझ्या मनात ती पावती होती. एका ज्येष्ठांचे म्हणणे होते की दान दिल्यावर परत मागू नये, तो दानाला बट्टा आहे. दुसरे म्हणाले, परत न घेतल्यास निधी दहा वर्षांत संपेल. दोघांचेही खरे होते. अखेरीस बिनव्याजी, बिनजामिनाची परतफेड ठरली आणि जो फेडू शकणार नाही त्याला दुसऱ्यांदा विचारायचे नाही, असे एक पोटकलम जोडले गेले. ते कलम कोणी सुचविले ते वृत्तांतात नाही. लिहून घेणारा मीच होतो, तरी आज आठवत नाही. या पोटकलमामुळे थोडे पैसे बुडाले. काहींचे व्यवसाय चालले नाहीत, एक विद्यार्थी अकाली गेला, आणि काहींनी फेडता येत असूनही फेडले नाही, तेही नमूद केले पाहिजे. उलट एका गृहस्थांनी सव्वीस वर्षांनी येऊन मुद्दल फेडले आणि तेवढीच रक्कम वर ठेवली.

त्यानंतरच्या काळात साहाय्याचे मार्ग वाढले. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागेनासे झाले. जमशेटजींनी मूठभरांसाठी जे केले, ते यामुळे सर्वांच्या आवाक्यात आले असे वाटले. फरक एवढाच की येथे व्याज होते, आणि नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होत होता. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्या आपल्या मुलांना खुल्या झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी त्या वेळी पन्नास टक्के गुण आणि पालकांचे २ लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्न या अटी होत्या. त्या वर्षी आपल्या कार्यालयात दोन संगणकांवर स्वयंसेवकांनी रात्री उशिरापर्यंत बसून मुलांचे अर्ज भरून दिले. त्याच वेळी ‘जैन म्हणजे श्रीमंत, यांना शिष्यवृत्ती कशाला?’ हा प्रश्नही कानांवर आला. शहरातील दुकानांच्या पाट्या वाचून समाजाची परिस्थिती ठरविणाऱ्यांनी कृष्णा-वारणेच्या काठची दीड-दोन एकरांची खातेदारी एकदा पाहावी, यापेक्षा अधिक उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. जुन्या ई.बी.सी.चे नाव २०१६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावे झाले आणि मर्यादा पुढे ८ लाखांवर गेली. २०२४-२५ पासून मर्यादेत बसणाऱ्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. ओट्यावर बसणारे तलाठी गेले, अर्ज संगणकावर आला, दाखला मात्र राहिला, आणि त्यातील रेषाही राहिली. आता कोणी ‘कोण बगतंय’ असे म्हणायलाही समोर नसते.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आपण आदराने छापली आहे. पन्नास वर्षांत ज्यांना साहाय्य मिळाले त्यांचीही यादी छापावी, त्यांत आज मोठ्या पदांवर असलेले अनेक जण आहेत, समाजाला अभिमान वाटेल, अशी सूचना एका उत्साही विश्वस्तांनी केली होती. हेतू चांगला होता. बैठकीत मी विरोध केला. ज्यांना स्वतः सांगायचे आहे त्यांनी सांगावे, मी वर सांगितलेच आहे. पण अर्ज करताना त्यांनी आपली परिस्थिती आपल्यापुढे मांडली होती, छापण्यासाठी नव्हे. बरीच चर्चा झाली, थोडी कटुताही आली. अखेर यादी छापली गेली नाही. त्याऐवजी परतफेडीतून पुन्हा वाटली गेलेली एकूण रक्कम हिशेबाच्या पानावर दिली आहे. जिज्ञासूंनी ती पाहावी.

गेल्या जून महिन्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेली एक मुलगी अर्ज घेऊन आली. तहसीलदारांचा दाखला तिने न मागताच जोडला होता. जाता जाता दारातून परत आली आणि म्हणाली, “सर, आई शेवया आणि पापड करून विकते, ते दाखल्यात आलेलं नाही. महिन्याला हजार-बाराशे होतात. लिहू का?” मी म्हटले, लिही. तिने उभ्या-उभ्याच टेबलावर वाकून ती ओळ लिहिली आणि खाली पुन्हा सही केली. तिचा अर्ज मंजूर झाला. त्याच बैठकीत विश्वस्तांनी एक छोटा ठराव केला, तो वाचकांच्या माहितीसाठी येथे देतो. पुढील शैक्षणिक वर्षाचे अर्ज १ जूनपासून कार्यालयात सकाळी १० ते १२ या वेळेत मिळतील. अर्ज एक पानाचा आहे. सोबत उत्पन्नाचा दाखला जोडण्याची आवश्यकता नाही.